गार्डोश प्रयोगाच्या नोंदी: तांबड्या पेशी, फ्लेम फोटोमीटर आणि मुंबईचा पावसाळा

१८ जून २०२४

कॅल्शियम आलं की उघडणारी पोटॅशियम चॅनेल्स, म्हणजे पेशीच्या पडद्यातली प्रथिनांची दारं, आमच्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकतात. बीके, आयके, एसके (अनुक्रमे जास्त, मध्यम आणि कमी प्रवाह वाहू देणारी) ही नावं मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. चॅनेल उघडताना प्रत्यक्ष बघायचं तर पॅच क्लॅम्पची, म्हणजे एकेका चॅनेलमधला विजेचा प्रवाह मोजायची, मांडणी हवी, आणि ती आमच्या उपनगरातल्या कॉलेजला परवडणारी नाही. म्हणून यंदा १९५८ कडे वळायचं ठरवलंय. त्या वर्षी बुडापेस्टच्या ग्यॉर्गी गार्डोश यांनी दाखवलं की माणसाच्या तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरलं की तिच्यातलं पोटॅशियम भराभर बाहेर पडतं. एकेका चॅनेलचा प्रवाह मोजायची तेव्हा सोय नव्हती. पोटॅशियम किती बाहेर आलं एवढंच मोजता येत होतं, आणि तेवढं आमच्याकडेही येतं: फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या प्रकाशावरून पोटॅशियम मोजणारं मशीन) आहे, सेंट्रिफ्यूज आहे, ३७ अंशांचा वॉटर बाथ आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे.

माझ्याबरोबर दोन विद्यार्थी. ओंकारला मशीन आवडतात. सायली जव्हारकडची. तिकडे सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) हा शब्द घरोघरी माहीत असतो, आणि तिला हा प्रयोग नेमका त्यासाठीच करायचाय. सिकलसेलची पेशी प्राणवायू सोडते तेव्हा तिच्यात कॅल्शियम शिरतं, हेच चॅनेल उघडतं, पोटॅशियम आणि त्यामागून पाणी निघून जातं आणि पेशी सुकते. सुकलेल्या पेशीत हिमोग्लोबिन दाटतं आणि त्याचे धागे आणखी लवकर बनतात.

दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कोणी हा प्रयोग लावणार असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी. रक्तासाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज आजच दिला. तो सगळ्यात आधी द्या, कारण त्याला लागतो तेवढा वेळ दुसऱ्या कशालाच लागत नाही.

२० जून

प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन आले. हेपेस (पीएच स्थिर ठेवायला), ईजीटीए (कॅल्शियम पकडायला), कॅल्शियम क्लोराइड, आणि चॅनेल अडवायला टीईए, क्विनीन आणि क्लोट्रिमॅझोलची पावडर हे सगळं तिथल्या तिथे किंवा दोन दिवसांत मिळण्यासारखं. आयनोफोर ए२३१८७ (पडद्यातून कॅल्शियम आत नेणारा पदार्थ) आणि अ‍ॅपामिन (मधमाशीच्या विषातलं, एसके अडवणारं) मात्र बाहेरून मागवावं लागतं. दोन्ही कुप्यांची किंमत पाच आकडी. बाकी सगळं सामान मिळून त्यांच्या पाव हिश्शातही बसलं. बजेट मांडताना आधी या दोन कुप्या लिहा आणि उरलं त्यात बाकीचं बसवा.

क्लोट्रिमॅझोल म्हणजे नायट्यावरचं औषध, केमिस्टकडे लोशन मिळतं, तेच आणू का, असं ओंकारने विचारलं. आणू नका. लोशनमध्ये औषध १ टक्का असतं, बाकी सगळी द्रावकं, आणि त्यांनी पेशी फुटतात. शुद्ध पावडर डीएमएसओ या द्रावकात विरघळवायची.

२७ जून

आयनोफोर यायला वेळ आहे, तोवर फ्लेम फोटोमीटर वळणावर आणायचा. मशीन जुनं, पण ज्योत स्थिर आहे. पोटॅशियम क्लोराइडची प्रमाण द्रावणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये केली, रेषा सुरेख सरळ आली. मग पडताळणीसाठी आमच्या सलाइन बफरमध्ये मोजून २ मिलिमोलर पोटॅशियम घातलं आणि मशीनला दाखवलं. आकडा बराच जास्त आला. परत केलं, परत जास्त.

कारण बफरमधलं सोडियम. ज्वालेत पोटॅशियमचे काही अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि तेवढा प्रकाश कमी पडतो. भोवती सोडियम भरपूर असलं की ते स्वतः इलेक्ट्रॉन सोडतं, पोटॅशियमची गळती थांबते आणि प्रकाश वाढतो. शिवाय जुन्या फिल्टरमधून सोडियमचा पिवळा उजेड थोडा झिरपतोच. उपाय सोपा आहे: प्रमाण द्रावणं त्याच बफरमध्ये करायची आणि नमुना जितका पातळ कराल तितकीच तीही पातळ करायची. आम्ही दोन्ही पाचपट पातळ करतो. ५ मिलिमोलर म्हणजे १९५ पीपीएम होतात. पाचपट पातळ केल्यावर ३९ उरतात आणि ते मशीनच्या चांगल्या टप्प्यात बसतात.

दर दोन नमुन्यांमध्ये डिस्टिल्ड वॉटर ओढू द्या. मिठाचा पांढरा थर नळीच्या तोंडाशी धरतो. आमच्या प्रयोगशाळेतले काका हे ज्योत बघून सांगतात: "मॅडम, नुसतं पाणी चाललंय तरी कडेला पिवळं येतंय, अजून धुवायला हवं." ते म्हणतात तेव्हा धुवावंच लागतं.

८ जुलै

पहाटेपासूनच्या पावसाने लोकल ठप्प. सकाळच्या सत्राची सुट्टी जाहीर झाली. आजचं काम घरी: बफरचा हिशेब.

बफरमध्ये फॉस्फेट नको, हे इथे ठळक लिहून ठेवते. पीबीएस (फॉस्फेटचा सलाइन बफर) प्रत्येक प्रयोगशाळेत तयार असतं आणि हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. त्याच्या नेहमीच्या कृतीत पोटॅशियम असतं, म्हणजे जे मोजायचं तेच आधी ओतल्यासारखं, आणि फॉस्फेट कॅल्शियमला धरून खाली बसवू शकतं. आमचा बफर: सोडियम क्लोराइड १४५, हेपेस १०, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१५ मिलिमोलर, पीएच ७.४. मॅग्नेशियम अशासाठी की हे आयनोफोर कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमचीही ने-आण करतं. बाहेर मॅग्नेशियम नसेल तर पेशीतलं निघून जातं आणि भलताच प्रयोग सुरू होतो.

१२ जुलै

आयनोफोर आलं. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर स्टॉक केला आणि छोट्या नळ्यांत वाटून उणे २० ला ठेवला. प्रत्येक नळी फॉइलमध्ये गुंडाळली, कारण उजेडात ते खराब होतं. एक नळी एका दिवसाची, उरलं तरी परत गोठवायचं नाही.

१५ जुलै

एथिक्सची परवानगी अजून नाही. मायक्रोबायोलॉजीकडे ब्लड अगारसाठी (जंतू वाढवायच्या माध्यमासाठी) मेंढीचं रक्त येतं, त्यातलं थोडं मागून घेतलं. म्हटलं, हात तरी बसेल.

पेशी तीनदा धुतल्या, बफरमध्ये ५ टक्के केल्या, ३७ अंशांवर आयनोफोर आणि कॅल्शियम घातलं. पाच-पाच मिनिटांनी नमुना काढला, फिरवला, वरचा द्रव मोजला. आयनोफोर असलेल्या नळीत आणि नसलेल्या नळीत सारखाच आकडा. अर्ध्या तासानेही तोच. आयनोफोर दुप्पट केलं, काही नाही. कॅल्शियम १ मिलिमोलरपर्यंत नेलं, तरी पोटॅशियम हललं नाही आणि तासाभराने वरचा द्रव गुलाबी व्हायला लागला.

आयनोफोर प्रवासात खराब झालं असेल या शंकेने दिवस गेला. एवढ्या महागाची कुपी, त्यामुळे सगळे गप्प होते.

२२ जुलै

आयनोफोर ठणठणीत आहे. गडबड मेंढीत आहे. माझ्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन केला तेव्हा ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, "अगं, प्रौढ मेंढीच्या तांबड्या पेशीत ते चॅनेल नसतंच!" १९७८ साली हे छापून आलेलं आहे: मेंढीच्या गर्भातल्या तांबड्या पेशीत कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियमची वाट असते, प्रौढ मेंढीच्या पेशीत ती राहत नाही. भरीस भर म्हणजे बऱ्याच मेंढ्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम मुळातच कमी असतं. आम्ही पेशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण फोडून एकूण पोटॅशियम आधीच मोजलं असतं तर ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आज मोजलं. माणसाच्या पेशीत जेवढं अपेक्षित असतं त्याच्या आसपासही नाही.

म्हणून नियम: कुठल्याही प्रयोगाच्या आधी एक नळी पूर्ण फोडून एकूण किती आहे ते बघायचं. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्या टक्केवारीत लिहायचा.

मेंढीचं रक्त मात्र आम्ही टाकलेलं नाही. माणसाच्या पेशीत पोटॅशियम बाहेर आलं आणि त्याच आयनोफोरने, त्याच कॅल्शियमने मेंढीच्या पेशीत आलं नाही, याहून चांगला कंट्रोल विकत मिळत नाही. आयनोफोर स्वतःच पडद्याला भोकं पाडत असेल, ही शंका त्याने एका फटक्यात निकालात निघते.

५ ऑगस्ट

परवानगी आली. कमिटीची अट योग्य होती: रक्त विद्यार्थ्यांचं घ्यायचं नाही, कारण मार्क ज्यांच्या हातात आहेत त्या शिक्षकाला विद्यार्थी नाही म्हणू शकत नाही. आम्ही शिक्षकांपैकी इच्छुकांनी लेखी संमती देऊन दिलं. रक्त काढायला जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमधले प्रशिक्षित टेक्निशियन आले.

त्यांनी सवयीने जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं. त्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचं. म्हणजे एकाच वेळी बाहेरून पोटॅशियम आलं आणि कॅल्शियम पकडणारा पदार्थही आला. चार वेळा नीट धुतलं तर दोन्ही निघून जातात, पण आम्ही घाईत होतो. नुसत्या बफरमधल्या पेशींच्या वरच्या द्रवात सुरुवातीलाच पोटॅशियम चढलेलं दिसलं, आणि ते कुठून आलं हे सांगता येईना. तो नमुना सोडून दिला.

पुढच्या वेळी हिरव्या टोपणाची, सोडियम हेपॅरिनची ट्यूब आधीच हातात द्या. हिरव्यातही लिथियम हेपॅरिन जास्त सापडतं. तुमचा फ्लेम फोटोमीटर तुलनेसाठी लिथियमच वापरत असेल तर ते टाळा. धुताना पेशींवरचा पांढरा थर ओढून फेकून द्या. तो पांढऱ्या पेशींचा असतो, आणि त्यांतल्या टी-पेशींतही हेच आयके चॅनेल असतं.

८ ऑगस्ट

कॅल्शियमच्या पायऱ्या करायच्या होत्या: कॅल्शियम थोडं थोडं वाढवत नेलं तर चॅनेल कुठे उघडायला लागतं. आयके आणि एसके या दोघांना स्वतःचा कॅल्शियम पकडणारा भाग नसतो. त्यांच्या प्रथिनाला कॅल्मोड्युलिन नावाचं दुसरं प्रथिन कायमचं चिकटलेलं असतं आणि कॅल्शियम त्याला लागतं. त्यामुळे साधारण ३०० ते ७०० नॅनोमोलरमध्ये ती अर्धी उघडतात. बीकेचं कॅल्शियम पकडण्याचं अंग त्याच्याच प्रथिनात पेशीच्या आतल्या बाजूला असतं आणि त्याला विद्युतदाबही लागतो. दाब अनुकूल नसेल तर त्याला मायक्रोमोलरमध्ये कॅल्शियम हवं असतं. हा फरक मुलांना आलेखावर बघायला मिळेल, अशी आशा होती.

तीन गोष्टी आडव्या आल्या. पहिली: जुलैच्या हवेत कॅल्शियम क्लोराइड. बरणी उघडली की खडे ओले होतात आणि तराजूवर आपण पाणीच तोलतो. १ मोलर म्हणून केलेला स्टॉक ईडीटीएने टायट्रेट केला, पाण्याचा कठीणपणा मोजतात त्याच पद्धतीने, तर तो पाऊणच्या आसपास निघाला. मुंबईत पावसाळ्यात हा स्टॉक तोलून करू नका. करून टायट्रेट करा आणि बाटलीवर खरा आकडा लिहा.

दुसरी: ईजीटीए. कॅल्शियमवरची त्याची पकड पीएचवर विलक्षण अवलंबून आहे, आणि कॅल्शियम पकडताना ते स्वतः आम्ल सोडतं. पीएच ०.२ ने घसरला की मोकळ्या कॅल्शियमचा हिशेब अडीचपट चुकतो. कॅल्शियम घातल्यानंतर पीएच परत ७.४ ला आणायचा असतो. आम्ही तो आधी आणला होता.

तिसरी अडचण मुळातली आहे. पेशीचा कॅल्शियम पंप सतत कॅल्शियम बाहेर फेकत असतो, त्यामुळे बाहेर जितकं ठेवलं तितकंच आत आहे असं धरताच येत नाही. पंप व्हॅनॅडेटने बंद करता येतो, तरीही आतला आकडा थेट कळत नाहीच. हा भाग सोडून दिला. या प्रयोगाकडून चॅनेल उघडलं की बंद राहिलं, एवढंच विचारावं. किती कॅल्शियमला उघडलं हा प्रश्न पॅच क्लॅम्पचा, पडद्याचा तुकडा उलटा करून आतली बाजू बफरमध्ये धरता येते त्यांचा.

१४ ऑगस्ट

आज जमलं.

माणसाच्या पेशी, सोडियम हेपॅरिन, चार वेळा धुतलेल्या, ५ टक्के, कॅल्शियम १०० मायक्रोमोलर, आयनोफोर १० मायक्रोमोलर. पहिल्या फेरीत पोटॅशियम येत होतं पण रेंगाळत. पोटॅशियम एकटं बाहेर पडू शकत नाही, प्रत्येक धनभारासोबत एक ऋणभार जायला हवा, आणि तांबड्या पेशीच्या पडद्यातून क्लोराइडचा प्रवाह संथ असतो. म्हणजे आम्ही क्लोराइडचा वेग मोजत होतो आणि पोटॅशियमच्या नावावर लिहीत होतो. सोडियम क्लोराइडपैकी १० मिलिमोलरच्या जागी सोडियम थायोसायनेट घातलं. थायोसायनेट पडद्यातून सहज जातं. त्यानंतर आकडा झपाट्याने चढला.

थायोसायनेटचा कचरा ब्लीचमध्ये टाकू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो. आम्ही त्या नळ्या वेगळ्या ठेवून ऑटोक्लेव्ह करतो. बाकीचं रक्त नेहमीप्रमाणे हायपोक्लोराइटमध्ये.

अर्ध्या तासाचे आकडे: पूर्ण फोडलेल्या पेशी ४.६ मिलिमोलर, आयनोफोर नसलेली नळी ०.२, आयनोफोर आणि कॅल्शियम ३.५, आयनोफोर पण कॅल्शियमऐवजी ईजीटीए ०.२. मेंढीच्या नळीत काही फरक नाही.

ओंकार आकडे मोठ्याने वाचत होता आणि सायली लिहीत होती. तिसरा आकडा ऐकल्यावर तिने पेन थांबवून विचारलं, "मॅडम, पेशी फुटून आलं असेल तर?" हाच प्रश्न विचारायला हवा होता. वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला शोषण घेतलं, त्याला पूर्ण फोडलेल्या नळीच्या शोषणाने भागलं. १ टक्काही नाही. म्हणजे फुटण्यातून आलेलं पोटॅशियम ०.०५ च्या आत. ही भागाकाराची ओळ प्रत्येक नमुन्यासमोर हवी. ती नसेल तर पोटॅशियम बाहेर आलं एवढंच सिद्ध होतं, चॅनेल उघडलं हे होत नाही.

२० ऑगस्ट

आता कुठलं चॅनेल, हा प्रश्न. यादी पुस्तकात तीन ओळींची आहे, पण प्रयोगात ती एकेक नाव खोडून सोडवावी लागते.

टीईए, बाहेरून १ मिलिमोलर: बीके असतं तर एवढ्यात जवळजवळ बंद पडलं असतं. आमचा आकडा हलला नाही. अ‍ॅपामिन, १०० नॅनोमोलर: मधमाशीच्या विषातलं अठरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड, एसकेवर याहून जास्त भरवशाचं दुसरं काही नाही. तरीही आकडा तोच. क्विनीन, १ मिलिमोलर: ०.७ वर आला. क्लोट्रिमॅझोल, ५ मायक्रोमोलर: ०.४. फक्त डीएमएसओ: ३.५, म्हणजे द्रावकाचा दोष नाही. उरलं ते आयके. जनुकाचं नाव केसीएनएन४, ओळखलं गेलं १९९७ मध्ये, गार्डोश यांच्या निरीक्षणानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

आधीच्या फेरीत क्लोट्रिमॅझोलने काहीच झालं नव्हतं, त्याचं कारण लिहून ठेवते. पेशी चिकटू नयेत म्हणून बफरमध्ये अल्ब्युमिन घातलं होतं. अल्ब्युमिन क्लोट्रिमॅझोलला आणि आयनोफोरला, दोघांनाही धरून ठेवतं. ते काढलं आणि दोन्ही नीट चालले. ज्यांना खर्च परवडेल त्यांनी क्लोट्रिमॅझोलऐवजी ट्रॅम-३४ घ्यावं. ते क्लोट्रिमॅझोलच्याच रचनेवरून बनवलेलं आहे आणि यकृतातल्या सायटोक्रोम एन्झाइम्सना अडवत नाही. तांबड्या पेशीत ती एन्झाइम्स महत्त्वाची नाहीत, दुसऱ्या ऊतीत हा फरक मोठा पडतो.

२३ ऑगस्ट

आज वर्गात हाच विषय निघाला: पेशींना एकच चॅनेल का पुरत नाही?

आमच्याच आकड्यांवरून बोललो. तांबड्या पेशीच्या पडद्यावर उणे १० मिलिव्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो तिथेच असतो, चेतापेशीसारखे विजेचे झटके तिथे येत नाहीत. विद्युतदाबावर चालणारं चॅनेल तिथे ठेवून उपयोग नाही, निव्वळ कॅल्शियमवर चालणारं हवं. उलट चेतापेशीत झटका येतो तेव्हा दाबही वाढतो आणि कॅल्शियमही शिरतं. तिथे बीके दोन्ही खुणा एकत्र मिळाल्यावर उघडतं आणि झटका आवरता घेतं. त्याची वाहकता २०० ते ३०० पिकोसिमेन्स, एसकेची १० च्या आसपास. एसके हळू आणि थोडं थोडं सोडतं, म्हणून झटक्यांच्या मालिकेनंतरची विश्रांती त्याच्या ताब्यात असते. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूत बीकेला बीटा-१ नावाचं जोडप्रथिन मिळतं आणि ते कॅल्शियमला जास्त संवेदनशील होतं. कॅल्शियमची ठिणगी पडली, म्हणजे एका जागी क्षणभर कॅल्शियम उसळलं, की ते उघडतं आणि स्नायू सैलावतो. ज्या उंदरांत बीटा-१ काढून टाकलं त्यांचा रक्तदाब वाढला.

मग विंचवावर आलो, आणि मुलं खरी जागी झाली. बीकेला नेमकं अडवणारं आयबेरिओटॉक्सिन कुठून मिळालं? आपल्या लाल विंचवाच्या विषातून, कोकणात दगडाखाली सापडतो त्याच. त्याच विंचवाच्या विषात टॅमॅपिन आहे, ते एसकेला अडवतं. मध्यपूर्वेतल्या एका विंचवाचं कॅरिब्डोटॉक्सिन बीकेलाही अडवतं आणि आयकेलाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव आमच्या रायगडच्या मुलांना माहीत होतं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन त्यांनी कितीतरी माणसं वाचवली. दंशात जिवावर बेततं ते मुख्यतः सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या दुसऱ्या विषांमुळे. पण एकाच नांगीच्या एका थेंबात किती तऱ्हेच्या चॅनेलच्या किल्ल्या असतात, हे मुलांना माहीत असायलाच हवं असं मला फार वाटतं. निसर्गाने ही वर्गवारी आपल्या आधी करून ठेवली आहे.

२८ ऑगस्ट

पोटॅशियमच्या मागून पाणी जातं हे डोळ्यांनी दाखवायचा दिवस. पेशी २० टक्के केल्या, आयनोफोर घातलं, केशनळीत फिरवल्या. पेशींचा थर २० वरून १४ वर आला. क्लोट्रिमॅझोल घातलेल्या नळीत १९. सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेल्या बफरमध्ये थर आक्रसला नाही. तिथेही चॅनेल उघडलेलंच असतं, पण आत-बाहेर पोटॅशियम सारखं असल्यामुळे जायला उतार नाही. हा कंट्रोल फुकट आहे, कोणीही गाळू नये.

मायक्रोस्कोपखाली पेशींच्या कडांना काटे आले होते. सुकल्याची खूण म्हणून मी ते मोजत बसले नाही, कारण आयनोफोर आणि कॅल्शियम पेशीचा सांगाडा बिघडवूनही काटे आणतात. सुकणं सिद्ध करायला मिठाच्या पाण्याची कसोटी जास्त चांगली. पातळ मिठाच्या पाण्यात दोन नळ्या: एकीत साध्या पेशी, दुसरीत आयनोफोर दिलेल्या. सायलीने मागे वर्तमानपत्र धरलं. पहिल्या नळीतून लाल, पण स्वच्छ, मथळ्याची अक्षरं वाचता येत होती, म्हणजे बऱ्याचशा पेशी फुटल्या होत्या. दुसरी गढूळ, मागचं काही दिसेना. पेशीत मुळातच पाणी कमी असलं की फुटायच्या आधी आणखी पाणी आत मावतं. तिसऱ्या, क्लोट्रिमॅझोलच्या नळीतून अक्षरं परत दिसली. वर्गात दाखवायला दहा मिनिटंच असतील तर एवढंच दाखवा, फ्लेम फोटोमीटरही लागत नाही.

सायलीने विचारलं, मग सिकलसेलवर क्लोट्रिमॅझोल का देत नाहीत? १९९६ च्या सुमारास रुग्णांना तोंडाने देऊन पाहिलं, पेशी कमी सुकल्या, पण यकृत आणि पोटाच्या तक्रारींमुळे ते पुढे नेता येण्यासारखं नव्हतं. मग सेनिकापॉक नावाचं जास्त नेमकं औषध आलं. मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढलं, पेशी फुटणं कमी झालं, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी थांबवावी लागली. चॅनेल बरोबर होतं, औषध त्याला बंदही करत होतं, आणि तरी रुग्णाला ज्यासाठी हवं होतं ते मिळालं नाही. मुलांना ही गोष्ट पूर्ण सांगा. नळीत आकडा ३.५ वरून ०.४ वर आला की औषध सापडल्याचा भास होतो.

३ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीआधी आवराआवर.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो परवानगीत आणि मेंढीत. पैसा सगळ्यात जास्त गेला तो अ‍ॅपामिनवर, आणि त्याचं उत्तर नकारार्थी आलं. तरी ते हवंच होतं. त्याच्याशिवाय एसके खोडता आलं नसतं. बजेट फारच तोकडं असेल तर टीईए, क्विनीन, क्लोट्रिमॅझोल आणि मेंढीचं रक्त एवढ्यावर अर्धा युक्तिवाद उभा राहतो: बीके नाही आणि आयके दिसतंय, पण एसकेबद्दल गप्प बसावं लागतं.

पुढच्या वर्षी कॅरिब्डोटॉक्सिन आणि आयबेरिओटॉक्सिन जोडीने मागवायचं आहे. तांबड्या पेशीत पहिल्याने आकडा पडायला हवा, दुसऱ्याने पडता कामा नये. ही पेप्टाइडं काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटतात. इथे अल्ब्युमिन थोडं लागेल, आणि तेच अल्ब्युमिन आयनोफोरला धरेल, म्हणून आयनोफोरची मात्रा आधी नव्याने ठरवावी लागेल. तो हिशेब ओंकार करतोय. सायली रक्तगटाच्या शिबिरासाठी जव्हारला जाणार आहे, सोबत मिठाच्या पाण्याच्या नळ्यांचा फोटो नेणार आहे. आयनोफोरच्या उरलेल्या नळ्या उणे २० च्या फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात आहेत, फॉइलवर तारीख आहे. सुट्टीत लाइट गेली तर बॅकअप चालू होतो का, हे काका बघणार आहेत.